गाडी येते, पण गाव कुठलं?

वाहन परवान्याच्या खिडकीवर खरे पाहता एकच प्रश्न महत्त्वाचा असायला हवा : तुम्हाला गाडी चालवता येते का? रस्त्याचे नियम ठाऊक आहेत का, नजर ठीक आहे का, ब्रेक वेळेवर लागतो का, एवढे पाहिले की काम संपले. पण आपले गाव सोडून दूर राहायला गेलेल्या कुटुंबांना विचारा. गाडीची परीक्षा सोपी, कागदांची अवघड, असेच ते सांगतील. घोडे अडते ते दुसऱ्याच प्रश्नावर : तुम्ही राहता कुठे, आणि त्याचा पुरावा काय?

झाशीतली मराठी कुटुंबे या प्रश्नाची चांगली ओळख करून देतात.

झाशीचे नाव काढले की मराठी माणसाची मान ताठ होते. १८४२ मध्ये मनकर्णिका तांबे लग्न होऊन नेवाळकरांच्या घरी आली आणि लक्ष्मीबाई झाली. तीही परगावाहून आलेली सूनच होती, पण घोड्यावर बसण्यापूर्वी तिला कुणी राहण्याचा दाखला मागितला नसावा! नेवाळकरांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांना आजही कागदांची अडचण फारशी येत नाही. त्यांची घरे इथली, मतदार यादीतली नावे इथली, मुलांच्या शाळेचे दाखलेही इथलेच.

अडचण येते ती नंतर आलेल्यांना. झाशी विभाग १ एप्रिल २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता आणि मध्य रेल्वेचे मुख्यालय मुंबईत. त्यामुळे भुसावळ, सोलापूर, नागपूरकडच्या कर्मचाऱ्यांची इथे बदली होणे ही नित्याची गोष्ट होती. पुढे विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. याशिवाय भेलचा कारखाना आहे, लष्कराची छावणी आहे, जवळच बबिना आहे, बँका आहेत. बदलीची नोकरी करणारा मराठी माणूस इथे येतो, चारपाच वर्षे राहतो आणि जातो. त्याच्याबरोबर त्याची पत्नी येते, कधी म्हातारे आईवडील येतात, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची मुले येतात.

आता त्या पत्नीचे कागद पाहा. आधार कार्डावर माहेरचा पत्ता, नाही तर सासरचा. मतदार यादीत नाव पुण्याला किंवा जळगावला. झाशीतल्या घराचा भाडेकरार नवऱ्याच्या नावावर. विजेचे बिल घरमालकाच्या नावावर. रेल्वेची किंवा सरकारी कचेरीची पगारपट्टी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, पण तीही नवऱ्याचीच. म्हणजे बाई तीन वर्षे ज्या गावात भाजी आणते, मुलांना शाळेत सोडते, तिथे ती राहते हे सांगणारा एकही कागद तिच्या स्वतःच्या नावावर नाही.

मग ती काय करते? स्कूटी काढते आणि जाते. आज ना उद्या लायसन्स काढू म्हणत दोन वर्षे निघून जातात. शेजारणीही तेच करत असतात, त्यामुळे भीती मोडते.

लायसन्स आहे, मग काळजी कसली?

ज्यांच्याजवळ महाराष्ट्रात काढलेले लायसन्स आहे, त्यांच्यापैकीही पुष्कळांना वाटते की उत्तर प्रदेशात आल्यावर ते बदलून घ्यावे लागते. हा निव्वळ गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भारतात कुठेही दिलेले वाहन चालवण्याचे लायसन्स सबंध देशात चालते. पुण्याचे लायसन्स झाशीतही तितकेच वैध असते.

गोंधळ होतो तो गाडीमुळे. गाडीची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एमएच क्रमांकाची गाडी झाशीत वर्षभरानंतर यूपी ९३ व्हायला हवी, ती याच कारणाने. बदलीच्या नोकरीतल्यांची ही कटकट वाचावी म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये बीएच मालिका सुरू केली. चालवणाऱ्याच्या लायसन्सला मात्र हा नियम लागू नाही. चौकात कुणी सांगितले म्हणून घाबरून एजंटला पैसे देऊ नका.

मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी मूळ गावी धावण्याचीही गरज नाही. कायद्याच्या १५ व्या कलमानुसार कोणताही परवाना अधिकारी ते करू शकतो. सांभाळायची आहे ती तारीख. पूर्वी मुदत संपल्यानंतर तीस दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, या काळात अर्ज करता येतो, पण मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणे म्हणजे लायसन्सशिवाय चालवणे. वर्ष उलटून गेले तर चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पन्नाशी गाठलेल्या गृहस्थांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांचे मिळते.

कायदा माणूस म्हणतो

ज्यांना पहिल्यांदाच लायसन्स काढायचे आहे त्यांच्यासाठी कायदा वाटतो तितका कठोर नाही. लायसन्स कुणाला मिळू शकते हे सांगताना १९८८ चा कायदा नागरिक हा शब्द वापरत नाही, कोणतीही व्यक्ती असे म्हणतो. वय पाहतो, प्रकृती पाहतो, परीक्षा घेतो. जन्म कुठला, जात कुठली, मूळ गाव कुठले, यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. राहण्याबद्दल त्याची अट इतकीच, की अर्जदार त्या राज्यात सामान्यपणे राहत असावा किंवा व्यवसाय करत असावा, नाही तर तो जिथे गाडी शिकणार ती शाळा त्या राज्यात असावी.

ही अटही २०१९ मध्ये सैल झाली. आधी आपल्या भागाच्याच कचेरीत जावे लागे. आता राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. झाशीच्या दृष्टीने यातला व्यवसायाचा भाग फार कामाचा आहे. नकाशा उघडून पाहा. उत्तर प्रदेशाचा हा जिल्हा मध्य प्रदेशात बोटासारखा शिरलेला आहे. ओरछा इथून अठरा किलोमीटरच्या आत, पण राज्य वेगळे. दतियाही वेगळ्या राज्यात. राहायला तिकडे आणि दुकान झाशीत, असे लोक रोज ये-जा करतात. अशा माणसाला दोन्हीकडून टोलवले जाण्याचे कारण नाही. तो राहतो त्या राज्यात अर्ज करू शकतो आणि जिथे व्यवसाय करतो त्या राज्यातही.

राहिला पुराव्याचा प्रश्न. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या चौथ्या नियमात वयाच्या आणि पत्त्याच्या पुराव्यांची यादी आहे. मतदार यादीतले नाव, आयुर्विम्याची पॉलिसी, पासपोर्ट, सरकारी कचेरीची पगारपट्टी वगैरे कागद तिच्यात येतात. पण यादीच्या शेवटी एक वाक्य आहे, आणि ते एजंट लोक सहसा सांगत नाहीत. पुरेशा कारणामुळे यांपैकी एकही कागद देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून स्वीकारता येते. नोटरीचे कागद आपल्याकडे भाडेकरारापासून नावबदलापर्यंत सगळ्यांना परिचयाचे असतात. लायसन्ससाठीही तो रस्ता आहे, हेच माहीत नसते.

अर्थात नियमात अधिकारी स्वीकारू शकेल असे लिहिले आहे, स्वीकारलेच पाहिजे असे नाही. इथेच पाणी मुरते. खिडकीवरचा माणूस समजूतदार असेल तर काम एका फेरीत होते, नाही तर चार फेऱ्या. आमच्या मते हे वाक्य अधिक पक्के हवे. प्रतिज्ञापत्र नाकारायचे असेल तर त्याचे कारण लेखी दिले पाहिजे, एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ बायकांचे हेलपाटे वाचतील.

बायकांसाठी त्याहून सोपा एक मार्ग २०२३ च्या जानेवारीत उघडला. आधार कार्डाच्या प्राधिकरणाने कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय केली. नवऱ्याच्या आधारवर झाशीचा पत्ता असेल, तर नात्याचा पुरावा आणि त्याची संमती यांवर पत्नीचा पत्ताही बदलतो. मुलांना आणि आईवडिलांनाही ही सोय आहे. २०२१ मध्ये आधारवरून ओळख पटवून घरबसल्या शिकाऊ लायसन्स देण्याची पद्धत केंद्राने आणली, तेव्हापासून आधारवरचा पत्ता थेट अर्जात उतरतो. म्हणूनच लायसन्सच्या आधी तो पत्ता दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.

पंधरा लाखांची गोष्ट

इतके सगळे करायचे कशासाठी? दंडासाठी, असे पुष्कळांना वाटते. दंड कमी नाही. लायसन्स नसताना गाडी चालवली तर २०१९ पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, तो पाच हजार झाला. ज्याने आपली गाडी लायसन्स नसलेल्याच्या हाती दिली त्यालाही वेगळा पाच हजारांपर्यंत. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पण दंड भरून माणूस घरी येतो. खरा घोर विम्याचा आहे.

स्कूटर पत्नीच्या नावावर घेतली, विमा भरला, हप्ता कधी चुकला नाही. त्या विम्यात मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर पंधरा लाख रुपयांचे संरक्षण असते. २०१८ पासून ही रक्कम पंधरा लाख आहे. पण त्याला अट आहे : मालकाकडे वैध लायसन्स असले पाहिजे. नसेल, तर हप्ते भरूनही घरच्यांना त्यातला एक पैसा मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावाही तसाच परत येतो.

आणि दुसऱ्याला लागले तर? जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात याची फोड केली. लायसन्सचा दोष दाखवून विमा कंपनीला जखमी माणसापासून सहजासहजी अंग काढून घेता येत नाही. पण मालकाने निष्काळजीपणे लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली हे सिद्ध झाले, तर जखमीला दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. भरपाईचा आकडा लाखांत जातो. भविष्यनिर्वाह निधी, दागिने, गावाकडची जमीन, कशाकशावर हात ठेवावा लागेल याचा विचार स्कूटीची किल्ली उचलताना कोण करतो?

झाशीत हा धोका पुस्तकी नाही. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे देशाचे दोन मोठे महामार्ग, ४४ आणि २७ क्रमांकाचे, इथेच एकमेकांना भेटतात. ट्रकची रांग रात्रंदिवस चालू असते आणि त्यांच्या मधून शहरातल्या दुचाक्या वाट काढतात. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांत २२,५९५ एकट्या उत्तर प्रदेशात. त्या वर्षी कोणत्याही राज्यात इतके बळी गेले नव्हते.

लेक अमेरिकेत आहे तिने

ज्यांची मुलगी किंवा सून अमेरिकेत आहे, त्यांना हा प्रश्न दुसऱ्या अंगाने माहीत असेल. तिथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मुलीचे लायसन्स पुष्कळदा तिच्या मुक्कामाच्या परवानगीइतक्याच मुदतीचे असते. व्हिसा वाढवण्याचा अर्ज वेळेवर केलेला असेल तर नवऱ्याला २४० दिवसांपर्यंत नोकरी चालू ठेवता येते, पण घरातल्या लायसन्सवरची तारीख तोवर उलटून गेलेली असू शकते. नोकरी आहे, घर आहे, मूल शाळेत आहे आणि गाडी दारात उभी! काही हंगामी सोय मिळते का, हे राज्याराज्यावर अवलंबून.

लायसन्स आणि मुक्कामाची परवानगी यांची ही गाठ तिथे घट्ट झाली ती ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. २००५ मध्ये संसदेने कायदा केला, कारण तिथे लायसन्स हेच ओळखपत्र म्हणून चालते. विमानात बसतानाही तेच दाखवतात. पण दुसऱ्या बाजूला काही राज्यांनी वेगळा विचार केला. लाखो लोक कागदांशिवाय राहतात आणि गाडी चालवतातच, मग निदान त्यांची परीक्षा तरी घेऊ, विमा तरी उतरवायला लावू. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१५ पासून मुक्कामाचे कागद नसलेल्यांनाही लायसन्स मिळू लागले. न्यूयॉर्कने डिसेंबर २०१९ मध्ये तेच केले. मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीने १ मे २०२१ पासून. २०२३ अखेर अशी एकोणीस राज्ये झाली होती, शिवाय राजधानी वॉशिंग्टन. हे लायसन्स वेगळ्या प्रकारचे असते. ते गाडी चालवण्यापुरते, विमानतळावर ओळख म्हणून नाही.

विरोधही जोरात आहे. बेकायदा राहणाऱ्याला सरकारी कागद देणे म्हणजे त्याच्या राहण्याला मान तुकवणे, असे विरोधक म्हणतात. फ्लोरिडाने २०२३ मध्ये दुसऱ्या राज्यांनी केवळ अशा लोकांसाठी काढलेली लायसन्से आपल्या रस्त्यांवर अमान्य केली. कायदा पाळून वर्षानुवर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे खुपते, हेही समजण्यासारखे आहे.

पण कॅलिफोर्नियाचा अनुभव विचार करायला लावतो. पहिल्याच वर्षी तिथे सहा लाखांच्या वर लोकांनी हे लायसन्स घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आकडे तपासले तेव्हा दिसले, की अपघातांची एकूण संख्या वाढली नाही, जीवघेणे अपघातही वाढले नाहीत. घटले ते धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार, सात ते दहा टक्क्यांनी. कारण उघड आहे. ज्याच्याजवळ कागद असतो तो थांबतो. ज्याला पोलिसांपुढे उभे राहण्याचीच भीती, तो जखमीला रस्त्यावर टाकून पळतो.

आपल्याकडे ही गल्लत टाळता येईल. लायसन्स नागरिकत्व सिद्ध करत नाही, आधार कार्डही करत नाही. आधारच्या २०१६ च्या कायद्याच्या नवव्या कलमातच तसे लिहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. मग लायसन्सच्या खिडकीने ते काम अंगावर घ्यायचेच कशाला? परदेशी माणूस बेकायदा राहत असेल तर ते पाहायला वेगळी यंत्रणा आहे, वेगळा कायदा आहे.

तिकडचा माणूस आपल्याकडे

झाशीच्या मराठी सुनेच्या अडचणीवर हळहळणाऱ्या आपण जरा उलट बाजूही पाहू. बुंदेलखंडातून पोटासाठी मुंबई-पुण्याला येणारा तरुण रिक्षाच चालवायला शिकतो. २० फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने महाराष्ट्र सरकारने रिक्षाच्या परमिटसाठी मराठीची परीक्षा घातली होती. मार्च २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. परमिट आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. प्रवाशाशी त्याच्या भाषेत बोलता यावे, ही अपेक्षाही चुकीची नाही. पण भाषा शिकवून येते, अडवून नव्हे.

केंद्राने २०१९ मध्ये अशीच एक अडवणूक दूर केली. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती. हरियाणातल्या मेवातमधून मागणी आली : तिथे पिढ्यानपिढ्या लोक गाड्या चालवतात, पण शाळा पुरी केलेले थोडे. अट काढली गेली, प्रशिक्षणावर आणि परीक्षेवर भर ठेवला गेला. ई-रिक्षावाल्यांसाठीही २०१५ च्या दुरुस्तीने एक वर्ष हलक्या वाहनाचे लायसन्स असण्याची अट सोडली. बुंदेलखंडात शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना या दोन बदलांनी पोटापाण्याचा मार्ग मोकळा झाला.

झाशीत नव्याने आलेल्या कुटुंबाने मग काय करावे? सामान उघडून झाले की पहिल्या महिन्यातच नवऱ्याच्या आधारचा पत्ता बदलून घ्यावा, त्यापाठोपाठ पत्नीचा. ते होईना, तर नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून चौथ्या नियमाचा हवाला देणारा अर्ज सोबत जोडावा आणि त्याची पोच घ्यावी. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. ते तीस दिवस स्कूटीला पुढे-मागे लाल रंगाचा एल लावायचा आणि शिकवणारा म्हणून पक्के लायसन्स असलेले माणूस जवळ ठेवायचे. शहरातल्या गर्दीत सराव करण्यापेक्षा पहाटे छावणीकडचे मोकळे रस्ते बरे. मुलांना शाळेत सोडायला तोवर रिक्षा लावावी. खर्च होतो थोडा, पण होऊ द्यावा.